चिखलातली भागीदारी

कोहमारा बाहेरच्यांना ठाऊक असतं ते फाटा म्हणून. राष्ट्रीय महामार्ग ५३ वर साकोली मागे पडलेली आणि देवरी अजून यायची, अशा टप्प्यात गोंदिया जिल्ह्याच्या सडक अर्जुनी तालुक्यातलं हे गाव लागतं. इथून एक रस्ता गोरेगावावरून गोंदियाला जातो, दुसरा नवेगाव बांधकडे. ट्रकवाले, एसटीतले प्रवासी आणि वाघ बघायला निघालेली मंडळी इथे चहापुरती थांबतात. पण जुलैच्या मध्यावर रस्ता सोडून थोडं आत गेलं की वेगळाच कारभार दिसतो. बांध्यांमध्ये पाणी साचलेलं, चिखलणी झालेली, पऱ्ह्यांच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, पेंढ्या बांधावर टाकलेल्या आणि वाकलेल्या बायकांच्या रांगा रोवणीला लागलेल्या.

रसायनशास्त्राच्या नजरेनं पाहिलं तर अशा बांधीत रोज अशक्य गोष्टी घडत असतात. मूळ चिखलातून अमोनियम उचलतं आणि त्यापासून ग्लुटामिन बनवतं. पान कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची साखर करतं. चिखलातला एक जीवाणू प्रोपिओनेट नावाचा पदार्थ फोडून त्यावर जगतो. या तिन्ही अभिक्रिया चढावरच्या आहेत. एकट्या सोडल्या तर त्या उलट्या दिशेनं जातील, या दिशेनं जाणार नाहीत. साखर जळून कार्बन डायऑक्साइड होतो. कार्बन डायऑक्साइडची आपोआप साखर झालेली कुणी पाहिलेली नाही. तरीही दिवाळीच्या आगेमागे याच बांधीतून धान कापलं जातं.

कोणती अभिक्रिया आपोआप पुढे सरकेल आणि कोणती नाही, हे सांगणारी राशी येल विद्यापीठातल्या जोसाया विलर्ड गिब्जनं १८७६ ते १८७८ या काळात मांडली, तीही कनेक्टिकटमधल्या अशा एका नियतकालिकात, जे युरोपातले रसायनशास्त्रज्ञ क्वचितच उघडत. तिला आज गिब्जची मुक्त ऊर्जा म्हणतात. अभिक्रियेत ही ऊर्जा घटत असेल, म्हणजे तिच्यातला बदल ऋण असेल, तर अभिक्रिया स्वयंस्फूर्त. बदल धन असेल तर नाही. आणि दोन अभिक्रिया मिळून एकच अभिक्रिया होत असेल, तर त्यांचे आकडे सरळ बेरजेत येतात. धन ५० आणि ऋण ८० मिळून ऋण ३०. म्हणजे जोडीनं काम होतं.

स्वयंस्फूर्त म्हणजे ताबडतोब नव्हे, एवढं मात्र लगेच सांगून टाकायला हवं. चहाच्या टपरीमागे पडलेलं कोळशाचं पोतं आणि भोवतालची हवा यांच्यातली अभिक्रिया भरघोस ऋण आहे. तरी ठिणगी पडेपर्यंत ते पोतं वर्षानुवर्षं तसंच राहतं. मुक्त ऊर्जा दिशा सांगते, वेळ सांगत नाही.

बेरजेचं गणित शाळेतल्या मुलालाही जमेल. अवघड आहे ते दुसरंच. दोन अभिक्रिया एकाच भांड्यात घडल्या म्हणून त्यांची बेरीज होते का? होत नाही. पाठ्यपुस्तकं हा मुद्दा एका ओळीत उरकतात, पण सगळी गोष्ट तिथेच आहे.

आधी लोखंडाचं उदाहरण घेऊ, कारण ते पूर्व विदर्भाच्या अंगणातलं आहे आणि त्याला जिवंत पेशीची गरज नाही. नागपूर जिल्ह्यात पेंच नदीच्या काठी नैकुंड नावाचं गाव आहे. १९७८ ते १९८० या काळात शां. भा. देव आणि अ. प्र. जामखेडकर यांनी तिथे उत्खनन केलं. शिळावर्तुळं उभारणाऱ्या लोकांच्या त्या वस्तीत लोखंड गाळण्याची भट्टी सापडली: मातीच्या वक्र विटा, भात्याचा वारा आत नेणाऱ्या मातीच्या नळ्या आणि भट्टीतून निघालेली मळी. काळ सुमारे २७०० वर्षांपूर्वीचा. त्या भट्टीतल्या कारागिरांना मुक्त ऊर्जा माहीत नव्हती, पण खनिजाला नुसती आच देऊन लोखंड सुटत नाही, त्याच्यासोबत कोळसा आत जावा लागतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

का जावा लागतो? लाल खनिज म्हणजे हेमेटाइट, लोखंड आणि ऑक्सिजन यांचं संयुग. १६० ग्रॅम शुद्ध हेमेटाइटमधून ऑक्सिजन नुसताच काढून टाकायचा तर २५ अंश सेल्सिअसला मुक्त ऊर्जेचा बदल येतो धन ७४२ किलोज्यूल. हा डोंगर आहे. भट्टी कितीही तापवली तरी साध्या उष्णतेनं तो ओलांडता येत नाही. आता भात्याच्या वाऱ्यावर कोळसा अर्धवट जळून झालेला कार्बन मोनॉक्साइड घ्या. त्याला ऑक्सिजनची प्रचंड ओढ असते. त्याच्या एका मोलाचा कार्बन डायऑक्साइड होताना बदल ऋण २५७ किलोज्यूल. वरच्या हेमेटाइटला असे तीन मोल लागतात, म्हणजे ऋण ७७१. बेरीज: ऋण २९. इतक्या मोठ्या दोन आकड्यांतून उरलेली ही एवढीशी शिल्लक. पण चिन्ह ऋण आहे, आणि लोखंडाला तेवढं पुरतं. अर्थात थंड भट्टीत हे घडायला युगं लागतील. आच लागते ती वेग येण्यासाठी, आणि कार्बन मोनॉक्साइड पुन्हापुन्हा तयार होत राहावा म्हणूनही: सुमारे ७०० अंशांच्या वर कार्बन डायऑक्साइड तापलेल्या कोळशावरून गेला की त्याचा परत मोनॉक्साइड होतो.

इथे तापमानाची एक खेळी लपलेली आहे. घन कोळसा आणि हेमेटाइट यांचा थेट हिशोब २५ अंशांना धन १५० किलोज्यूलच्या आसपास येतो, म्हणजे नापास. पण या अभिक्रियेतून वायू बाहेर पडतो, पसारा वाढतो, आणि जसजसं तापमान चढतं तसतसा आकडा उतरत जातो. साडेपाचशे अंशांच्या पुढे कुठेतरी चिन्ह बदलतं. १९४४ मध्ये हॅरल्ड एलिंगहॅमनं निरनिराळ्या धातूंच्या ऑक्साइडांसाठी हे सगळं एका आलेखावर मांडलं. भोपाळ असो की भिलाई, धातुशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या वहीत तो आलेख असतो. कोळसा कोणत्या धातूला कुठल्या तापमानाला सोडवू शकेल, हे त्यावरून एका नजरेत कळतं.

भंडारा जिल्ह्यातल्या तुमसर तालुक्यात डोंगरी बुजुर्ग आणि चिखला इथे मॅंगनीजच्या खाणी आहेत. मॅंगनीजची गाठ लोखंडापेक्षा घट्ट. त्याच्या साध्या ऑक्साइडपुढे कार्बन मोनॉक्साइड हात टेकतो. कोळशाला थेट भिडावं लागतं, आणि तेही १४०० अंशांच्या वर. म्हणून फेरोमॅंगनीज बहुधा विजेच्या भट्टीत बनतं. गडचिरोलीतल्या सुरजागडचं लोहखनिज मात्र चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्घुसला स्पंज आयर्न होतं ते फिरत्या नळकांडी भट्टीत, सुमारे हजार अंशांना, न वितळताच. ऑक्सिजन निघून जातो आणि सच्छिद्र लोखंड मागे उरतं.

आता खरा प्रश्न. नैकुंडच्या भट्टीत खनिज एका कोपऱ्यात आणि जळता कोळसा दुसऱ्या कोपऱ्यात ठेवला असता, आणि दोघांमध्ये हवेची ये-जा नसती, तर? कोळसा जळाला असता, खनिज लालबुंद तापलं असतं आणि लाल खनिजच राहिलं असतं. चिखलणीच्या दिवसांत शेजारच्या बांधीत कितीही धष्टपुष्ट हेला उभा असला म्हणून इकडचा नांगर हलत नाही; मध्ये जू लागतं. अभिक्रियांमध्ये हे जू म्हणजे एक पदार्थ असतो, जो एका अभिक्रियेतून निघतो आणि दुसरीत शिरतो. भट्टीत ते काम ऑक्सिजन करतो: खनिजातून सुटलेला प्रत्येक अणू मोकळा न फिरता थेट कार्बन मोनॉक्साइडच्या हाती जातो. धन ७४२ चा डोंगर कुणी चढतच नाही. तो फक्त कागदावर आहे. प्रत्यक्षात घडते ती एकच, वेगळ्या वाटेनं जाणारी अभिक्रिया.

हे ध्यानात आलं की बांधीतलं मूळ समजायला सोपं जातं.

रोवणीनंतर काही दिवसांनी युरियाचा हप्ता पडतो. चिखलातले सूक्ष्मजीव आपल्या विकरांनी, म्हणजे एन्झाइमांनी, युरिया फोडतात आणि अमोनियम तयार होतं. पाणी साचलेल्या जमिनीत ऑक्सिजन नसल्यामुळे त्याचं नायट्रेट फारसं होत नाही, म्हणून धानाची मुळं मुख्यतः अमोनियमच शोषतात. ते पेशीत तसंच साचू देणं रोपाला परवडत नाही, कारण ते विषारी ठरतं. मूळ त्याला लगेच ग्लुटामेट नावाच्या अमिनो आम्लावर चढवतं आणि ग्लुटामिन करतं. पुढे पानातलं हरितद्रव्य, दाण्यातलं प्रथिन, सगळ्यांचा नायट्रोजन बहुतेक या दारातून आत येतो.

या चढवण्याचा आकडा धन १४ किलोज्यूल. फार नाही, पण चिन्ह चुकीचं. पेशी मदतीला घेते एटीपी हा रेणू. त्याचा शेवटचा फॉस्फेट पाण्याच्या साहाय्यानं वेगळा झाला तर प्रमाण परिस्थितीत ऋण ३० किलोज्यूल, आणि पेशीतल्या खऱ्या परिस्थितीत त्याहून बरंच जास्त, ऋण ५० च्या घरात. बेरीज छान ऋण येते. इथपर्यंत सगळी पुस्तकं सांगतात, आणि पुढे लिहितात की एटीपी तुटला, ऊर्जा सुटली, ती ग्लुटामिनला मिळाली.

हे वाक्य दिशाभूल करणारं आहे. एकतर कुठलाही बंध तुटताना ऊर्जा सुटत नाही, लागते. फायदा होतो तो तुटल्यानंतर बनणाऱ्या पदार्थांच्या स्थैर्यामुळे. एटीपीच्या शेपटीत एकमेकांना ढकलणारे ऋण भार शेजारीशेजारी दाटलेले असतात, ते सुटे झाले आणि पाण्यानं वेढले गेले की निवांत होतात. आणि दुसरं म्हणजे, परीक्षानळीत एटीपी, ग्लुटामेट आणि अमोनियम एकत्र ठेवले तर काय होईल? एटीपी सावकाश पाण्याशी अभिक्रिया करेल, नळी किंचित कोमट होईल. ग्लुटामिन बनणार नाही. ऊर्जा सुटली, पण कुणाच्याही कामी आली नाही.

मुळातलं ग्लुटामिन सिंथेटेज नावाचं विकर जे करतं ते असं. आधी एटीपीचा फॉस्फेट पाण्याला न देता ग्लुटामेटच्या टोकाला जोडतं. त्यातून एक तापट, अस्थिर रेणू तयार होतो. मग अमोनिया येऊन त्या फॉस्फेटला हुसकावतो आणि त्याची जागा घेतो. दोन पायऱ्या, दोन्ही उतरत्या. फॉस्फेट चिकटलेलं ग्लुटामेट हे इथलं जू. विकराच्या खाचेत पाण्याला मज्जाव असतो, कारण पाणी मध्ये घुसलं तर फॉस्फेट फुकट जाईल. विकर दिशा बदलत नाही, आकडेही बदलत नाही. कुणाच्या हातून कुणाच्या हातात काय जाईल, एवढं मात्र तेच ठरवतं.

दाण्यात पीठ भरतानाही हीच तऱ्हा. ग्लुकोजचे सुटे रेणू आपोआप साखळीत गुंफले जात नाहीत. प्रत्येकाला आधी एटीपीकडून एक मूठ लावून घ्यावी लागते. साखरेला अशी मूठ लावण्याची जीवसृष्टीतली पद्धत उलगडल्याबद्दल अर्जेंटिनातल्या लुईस लेलुआर यांना १९७० चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

एटीपी १९२९ मध्ये सापडला, तोही जवळजवळ एकाच वेळी दोन ठिकाणी: जर्मनीत कार्ल लोहमान यांना आणि हार्वर्डमध्ये सायरस फिस्के आणि यल्लाप्रगडा सुब्बाराव यांना. सुब्बाराव आंध्रातल्या भीमावरमचे. पुढे १९४१ मध्ये फ्रिट्झ लिपमननं सुचवलं की पेशीतली जवळजवळ सगळी चढाची कामं हा एकच रेणू निभावतो. रोवणी करणाऱ्या बाईच्या अंगात कोणत्याही क्षणी एटीपी असतो तो शे-दोनशे ग्रॅमच्या आतच, पण दिवसभरात ती जवळपास स्वतःच्या वजनाएवढा एटीपी बनवते आणि खर्चते. बांधीच्या कडेनं चालणारा सारस पंख उघडून उडतो तेव्हाही हाच खर्च.

मग एटीपी कुठून येतो? तो बनवणं हे स्वतःच चढाचं काम आहे. त्याला कोण जुंपलेलं असतं?

या प्रश्नानं जीवरसायनशास्त्रज्ञांची वीसेक वर्षं खाल्ली. साखर जळून एटीपी बनतो हे दिसत होतं, तेव्हा दोन्ही अभिक्रियांत सामाईक असा एखादा ऊर्जावान रेणू असलाच पाहिजे, ग्लुटामेटच्या फॉस्फेटसारखा. युरोप-अमेरिकेतल्या उत्तम प्रयोगशाळा त्याच्या मागावर होत्या. सापडल्याच्या घोषणा झाल्या, मागेही घेतल्या गेल्या. १९६१ मध्ये ब्रिटनमधल्या पीटर मिचेल यांनी म्हटलं की तो रेणू सापडत नाही, कारण तो नाहीच. साखर जळताना सुटणारे इलेक्ट्रॉन एका पातळ पडद्यातल्या प्रथिनांच्या साखळीतून जातात, आणि जाताना हायड्रोजनचे धन आयन, म्हणजे प्रोटॉन, पडद्याच्या एका बाजूला ढकलत जातात. तिकडे प्रोटॉनांची गर्दी, इकडे तुटवडा. एका खास प्रथिनातून ते परत येताना एटीपी बनतो. सामाईक रेणूच्या जागी इथे आहे पडद्याच्या दोन बाजूंमधला फरक. वर जे म्हटलं, की जू म्हणजे एक पदार्थ, ते इथे थोडं सैल करावं लागतं.

मिचेल यांच्यावर फार थोड्यांनी विश्वास ठेवला. मग १९६६ मध्ये आंद्रे यागेनडॉर्फ आणि अर्नेस्ट उरिबे यांनी पालकाच्या पानातली हरितलवकं आधी आम्लधर्मी द्रावणात भिजवली आणि एकदम अल्कधर्मी द्रावणात टाकली, सगळं काळोखात. प्रकाश नाही, इंधन नाही. फक्त पडद्याच्या आत प्रोटॉन जास्त आणि बाहेर कमी. एटीपी बनला. मिचेल यांना १९७८ मध्ये नोबेल मिळालं. प्रोटॉनांच्या ओघावर गरगर फिरत एटीपी घडवणाऱ्या त्या प्रथिनाचं कोडं उलगडणाऱ्या पॉल बॉयर आणि जॉन वॉकर यांना १९९७ मध्ये.

त्या इलेक्ट्रॉन-साखळीतल्या एका कडीशी एक मराठी नाव जोडलेलं आहे, आणि ते आपल्याकडे जेवढं माहीत असायला हवं तेवढं नाही. सायटोक्रोम सी हे प्रथिन प्राण्यांच्या पेशीत असतं हे ठाऊक होतं. वनस्पतींच्या पेशीतही ते असतं हे कमला सोहोनी यांनी केंब्रिजमध्ये बटाट्यावर काम करताना दाखवलं आणि त्या संशोधनावर १९३९ मध्ये पीएच.डी. मिळवली. विज्ञानात पीएच.डी. मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिलांपैकी त्या. लेखिका दुर्गा भागवत त्यांच्या भगिनी. रात्री पानात प्रकाश नसतो आणि मुळांमध्ये तर कधीच नसतो. तेव्हा धानाचं रोप आपल्या सगळ्यांसारखंच साखर जाळतं आणि त्याचे इलेक्ट्रॉन सायटोक्रोम सीवरून पुढे जातात. दिवसा पानात साखळी वेगळी असते आणि तिला ढकलतो सूर्यप्रकाश. १८० ग्रॅम ग्लुकोज बनवण्याचा चढ सुमारे २८७० किलोज्यूलचा. तो चढायला कर्बग्रहणाच्या चक्रात १८ एटीपी आणि इलेक्ट्रॉन वाहून नेणाऱ्या एनएडीपीएचचे १२ रेणू लागतात, दर ग्लुकोजमागे.

जू सुटलं तर काय होतं, याचा दाखला गोंदिया-भंडाऱ्याच्या तलावांतच आहे. फुललेलं कमळ स्वतःचं तापमान ३० ते ३६ अंशांच्या दरम्यान राखतं, भोवतालची हवा १० अंशांवर असली तरी. ऑस्ट्रेलियातल्या मोजमापांतून हे १९९६ मध्ये पुढे आलं. फुलाच्या मधल्या भागातल्या पेशी इलेक्ट्रॉनांना एका आडवाटेच्या विकरावरून नेतात, जिथे प्रोटॉन ढकलले जात नाहीत. साखर जळते, एटीपी फारसा बनत नाही, सगळी ऊर्जा उबेत जाते. कमळाला ती हवी असते, बहुधा परागीभवन करणाऱ्या भुंग्यांसाठी. माणसानं मात्र हाच प्रकार गोळीतून करून पाहिला. १९३० च्या दशकात अमेरिकेत डायनायट्रोफिनॉल नावाचं रसायन बारीक होण्याचं औषध म्हणून विकलं गेलं. ते प्रोटॉनांना पडद्यातून चोरवाटेनं आत सोडतं. वजन उतरत असे, ताप चढत असे आणि काहींचा ताप उतरलाच नाही. १९३८ नंतर त्यावर बंदी आली.

आता चिखल. माती मोरांड असो की सिहार, बांधीत पाणी भरलं की मातीतला ऑक्सिजन पहिल्या एक-दोन दिवसांतच संपतो. कुजणारी धसकटं आणि शेणखत मात्र भरपूर असतं. ते जाळायला जीवाणू मग दुसरे भिडू शोधतात, आणि ठरल्या क्रमानं शोधतात: आधी नायट्रेट, मग मॅंगनीजचे ऑक्साइड, मग लोखंडाचे, मग सल्फेट. लोखंडाची गंमत अशी की नैकुंडच्या भट्टीत जो व्यवहार कोळशानं केला, त्याचाच एक अर्धवट प्रकार इथे तीस अंशांच्या गारव्यात चालतो. जीवाणू मातीतल्या लाल ऑक्साइडला इलेक्ट्रॉन देऊन त्याचं विरघळणारं फेरस लोह करतात. धातूपर्यंत जात नाहीत, कारण तितकी ऐपत त्यांच्यापाशी नसते. ते लोह मुळाजवळ पोचलं की मुळातून झिरपणाऱ्या ऑक्सिजननं परत गंजतं. उपटलेल्या रोपाची मुळं तांबूस दिसतात ती त्यामुळे.

हे सगळे भिडू संपले की उरतो कार्बन डायऑक्साइड, आणि मग जी जोडी कामाला लागते ती या प्रकरणातली सगळ्यात विलक्षण आहे. इथे दोन अभिक्रिया दोन वेगळ्या जीवांच्या पोटात घडतात.

कुजण्यातून प्रोपिओनेट तयार होतं. एका गटाचे जीवाणू ते फोडून ॲसिटेट आणि हायड्रोजन करतात. आकडा: धन ७६ किलोज्यूल. या धंद्यावर कुणी जगूच शकत नाही. पण शेजारी मिथेन बनवणारे सूक्ष्मजीव असतात, जीवाणूंहून निराळ्या, आर्किया नावाच्या प्राचीन कुळातले. ते हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड घेऊन मिथेन करतात. चार हायड्रोजनमागे ऋण १३५ किलोज्यूलच्या आसपास. हे शेजारी हायड्रोजन इतक्या तत्परतेनं उचलतात की चिखलात त्याचा दाब वातावरणाच्या दाबाच्या दहा हजाराव्या हिश्श्याखाली राहतो. उत्पादन साचतच नसेल तर अभिक्रियेचा कल बदलतो, आणि धन ७६ चा आकडा, जो प्रमाण परिस्थितीतला होता, चिखलाच्या परिस्थितीत ऋण होतो. उरणारी शिल्लक अगदी तुटपुंजी, त्यातही दोघांचा वाटा. हे जीव फार सावकाश वाढतात याचं नवल वाटायला नको.

ही भागीदारी शास्त्रज्ञांच्या हाती लागली ती अपघातानं. रशियन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ ओमेलियान्स्की यांच्या नावानं ओळखला जाणारा एक सूक्ष्मजीव प्रयोगशाळांत वर्षानुवर्षं वाढवला जात होता. तो अल्कोहोलपासून मिथेन करतो असं मानलं जाई. १९६७ मध्ये मार्व्हिन ब्रायंट आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की तो एक जीव नव्हेच, दोन आहेत. एक अल्कोहोल फोडून हायड्रोजन सोडतो, दुसरा हायड्रोजन खाऊन मिथेन करतो. पहिल्याला एकटं वाढवायला गेलं तर आपल्याच हायड्रोजननं त्याची वाढ थोड्याच वेळात खुंटते.

गोबरगॅसच्या टाकीत हेच जोडपं नांदतं. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ च्या सुमारास मैल्यापासून गॅस काढून दिवे लावले जात, तेव्हा आत नेमकं कोण काम करतंय हे कळायला अजून सत्तर वर्षं होती. टाकीत एकदम जास्त खरकटं टाकलं तर गॅस का मंदावतो, याचं उत्तरही इथेच आहे. आम्लं बनवणारे जीवाणू झपाट्यानं वाढतात, हायड्रोजन उचलणारे मागे पडतात, प्रोपिओनेट साचतं, टाकी आंबते. एकदा आंबलेली टाकी ताळ्यावर यायला कित्येक आठवडे जातात.

टाकीतला मिथेन चुलीत जळतो. बांधीतला मात्र हवेत जातो, आणि तोही मुख्यतः बुडबुड्यांतून नव्हे, तर धानाच्या रोपातूनच. पाण्यात उभ्या राहणाऱ्या या रोपाच्या देठात मुळांपर्यंत हवा पोचवणाऱ्या पोकळ्या असतात; त्याच पोकळ्यांतून चिखलातला मिथेन वर निघतो. हवा तापवण्यात मिथेन कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी पट जोरकस असल्यामुळे भातशेतीचा हा वायू आता जगभर मोजला जातो.

तो रोखायचा तर भागीदारी मोडावी लागते, आणि त्याला फार काही लागत नाही: थोडा ऑक्सिजन पुरतो. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेनं सुचवलेल्या पद्धतीत बांधी आळीपाळीनं भरतात आणि सुकवतात. छिद्रं पाडलेली एक नळी चिखलात रोवायची, तिच्यातलं पाणी जमिनीखाली १५ सेंटिमीटर उतरलं की पुन्हा पाणी द्यायचं, फुलोऱ्याच्या काळात मात्र बांधी भरलेली ठेवायची. मधल्या सुकण्यात मिथेनवाल्या सूक्ष्मजीवांचं काम थांबतं, फेरस लोह पुन्हा लाल होतं, आणि पाणी परत आलं तरी आधी ते लोखंड संपावं लागतं, मगच मिथेनची पाळी. मिथेन यानं साधारण ३० ते ७० टक्क्यांनी घटतो. वाईट बाजू अशी, की ओलं-कोरडं होण्यात युरियाचा काही भाग नायट्रस ऑक्साइड होऊन उडतो, आणि तो वायू मिथेनहूनही जोरकस आहे. युरिया कधी टाकला यावर हे नफ्या-तोट्याचं पारडं झुकतं.

कोहमाऱ्याच्या परिसरात पावसाळी धानात हे जमवणं कठीण. ऑगस्टात पाऊस कुणाचं ऐकत नाही, आणि मालगुजारी तलावाखालच्या बांध्यांत पाणी एकीतून दुसरीत उतरत जातं. वरच्यानं आपली बांधी सुकवायची ठरवली तर खालच्याचीही सुकते. उन्हाळी धानात मात्र वाव आहे. तेव्हा पाणी इटियाडोहसारख्या प्रकल्पाच्या कालव्यातून किंवा विहिरीवरच्या पंपातून मोजून येतं, आणि बांधी चार-सहा दिवस कोरडी राहिली तर तेवढी पंपाची वीजही वाचते.